चार बोटं उघडं दार

१

रविवारी सगळी माणसं चर्चमध्ये गेली, की ओझित सुरेत बाहेरून दार लोटायची आणि ते पुरतं लागायच्या आत चौकटीत लाकडी पाचर सरकवायची. चार बोटांची फट राहायची. मग ती बाहेर पायरीवरच्या खुर्चीत बसायची, पिशवीतून सुतळी काढायची आणि लॉबस्टरच्या सापळ्यांची जाळी विणायला घ्यायची. आत गाव, बाहेर ओझित. तासाभराने माणसं बाहेर पडली, की पाचर खिशात टाकून घरी.

आन्स-ओ-सेल गावात याचं नवल कुणालाच नव्हतं. १७५५ साली ग्रां-प्रे गावात इंग्रज सैन्याने आकादी पुरुषांना, म्हणजे तिथे वसलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांना, राजाचा हुकूम ऐकायला म्हणून चर्चमध्ये बोलावलं आणि ते आत गेल्यावर दारं लावून बाहेर चारी बाजूंनी बाह्यांना लाल काठ असलेले शिपाई उभे केले. जमीन गेली, गुरं गेली, घरं गेली, असं त्यांना वाचून दाखवलं आणि जहाजांत भरून मिळेल त्या किनाऱ्यावर सोडून दिलं. बायका तेवढ्या बाहेर होत्या. हाकलून दिलेल्यांपैकी जी घराणी चालत, होड्या वल्हवत परत आली, त्यांनी या किनाऱ्यावर नवं चर्च उभारलं. तेव्हा बायकांनी अट घातली, की प्रार्थना चालू असताना दार पुरतं लावायचं नाही आणि आमच्यातली एकजण बाहेर बसणार. जी बसे तिला गाव नुसतं 'बाहेरची' म्हणे.

ओझितच्या आईने हे काम एक्केचाळीस वर्षं केलं. आई गेल्यावर ते ओझितकडे आलं, आणि त्यात भक्तीचा भाग फारसा नव्हता. तिची तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात गेली होती, त्यातली अठरा युनियनची पुढारी म्हणून. मालकाशी भांडून तिने बायकांसाठी गरम पाण्याचे नळ मिळवले होते. देवाशी तिचं भांडण नव्हतं, पण त्याच्या कारकुनांशी होतं. बाहेर बसलं की प्रवचन अर्धंच ऐकू येतं आणि सिगारेट ओढता येते, एवढं तिला पुरे होतं.

२

सप्टेंबरमधला पहिला रविवार. पाद्री महिन्यातून एकदाच यायचे, शहरातून, चार गावं उरकत. बाकीच्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी गळ्यात घालायची त्यांची पट्टी वेदीवर अंथरून ठेवायची आणि गावातल्याच कुणीतरी प्रार्थना वाचायच्या, ही तिथली जुनी रीत. पाद्री नसतानाच्या काळात पूर्वजांनी असंच भागवलं होतं. हल्ली ओझितचा चुलतभाऊ आल्द्रिक वाचायचा. त्याचा आवाज फटीतून बाहेर यायचा, आणि लाकडी इमारतीची कुरकुरही. ती इमारत दीडशे वर्षांपूर्वी, पहिल्या चर्चच्या जागी, जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी बांधलेली होती. वारा असला की ती अजूनही समुद्रात असल्यासारखी हलायची.

त्या दिवशी वारा नव्हता. ओझितचं लक्ष गवताकडे गेलं.

भिंतीपासून हातभर अंतरावर गवत दोन ठिकाणी दबलं होतं. शेजारी शेजारी, पावलांएवढं. थोडं पुढे आणखी एक जोडी. त्यापुढे आणखी एक. दोन जोड्यांमध्ये एका हाताचं अंतर, कुठे कमी नाही की जास्त नाही. सगळ्या पावलांचे चवडे भिंतीकडे.

ती उठली आणि चर्चला वळसा घालून आली. ठसे चारी बाजूंनी होते. समुद्राकडच्या बाजूला भिंतीला टेकून रानगुलाबाची दाट झुडपं होती. तिथे उभं राहायचं तर माणसाची कातडी सोलून निघाली असती. झुडपाची एक काडी मोडलेली नव्हती. ओझितने वाकून आत पाहिलं, तर काट्यांच्या खाली गवत तसंच दबलेलं होतं. दोन पावलं, मग अंतर, मग दोन पावलं.

प्रार्थना संपल्यावर तिने आल्द्रिकला ते दाखवलं. आल्द्रिकने डोकं खाजवलं. धर्मप्रांताच्या कचेरीने मोजणीवाले पाठवले असतील, तो म्हणाला. इमारत विकायचं चाललंय म्हणतात, तर माप लागतंच.

“म्हणजे मढं उचलायच्या आधी पेटीचं माप,” ओझित म्हणाली. तिला पटलं. राग आला की तिला गोष्टी लवकर पटत.

३

माप घेतलं असो वा नसो, पत्र मात्र आलं. आल्द्रिकने ते दारावर चार खिळ्यांनी ठोकलं. अशा पत्रांची भाषा कशी असते ते ओझितला कारखान्यापासून माहीत होतं. खंत, आभार, दूरदृष्टी, आणि तिसऱ्या परिच्छेदात सुरी.

मजकूर एवढाच होता. चर्च चालू ठेवायचं असेल तर गावाने तसं दाखवून द्यावं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता कचेरीचा प्रतिनिधी येईल. निदान चाळीस नोंदलेली माणसं स्वतः आत हजर हवीत आणि चाळीस हात वर हवेत. मतदान बंद दाराआड होईल. एक जरी कमी पडला तरी इमारत विकली जाईल. घेणारा तयारच होता. त्याला चर्च नको होतं, तुळया हव्या होत्या.

“वेळ बघितलीस का?” ओझितने विचारलं.

“तीन.”

“ग्रां-प्रेमध्येही तीनलाच बोलावलं होतं.”

आल्द्रिक म्हणाला, कचेरीत बसणाऱ्यांना इतिहास येत असता तर त्यांनी दुसरी वेळ निवडली असती. तो मुद्दाम केलेला अपमान नव्हे, नुसतं अज्ञान. ओझितच्या मते अज्ञान जास्त वाईट होतं.

मग दोघांनी गावाची यादी केली. खाटेला खिळलेले वगळले. मुलाकडे दूर गेलेले फोन करून बोलावले. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांना आल्द्रिक वेगवेगळ्या दारांनी भेटून आला. बटाट्याचा कीस आणि शिंपल्यांचं राप्युर करून हॉलमध्ये जेवण घातलं. जेवताना माणसं चर्चच्या तुळयांचंच बोलत होती. कुणाच्या पणज्याने कुठली तुळई चढवली ते प्रत्येकाला पाठ होतं.

यादी एकोणचाळीसवर थांबली. चाळिसावी ओझित.

४

पुढच्या रविवारी दाराने पाचर चावली.

तिला तसंच वाटलं. आत स्तोत्र चालू होतं, हातात अर्धी विणलेली जाळी होती, आणि दातांत काही कडक धरावं तसा कचकन आवाज आला. दार बाहेर उघडणारं होतं. म्हणजे ते लावायचं तर बाहेरून ढकलावं लागे. पाचरीवर जोर बाहेरून येत होता, आणि बाहेर तर तीच होती.

वारा असेल. तिने सिगारेटकडे पाहिलं. धूर दोरीसारखा सरळ वर चालला होता.

तिने खुर्ची मागे सारली आणि दाराला तळवा लावला. लाकूड गार होतं, दवाने ओलसर. तळवा सरकवत सरकवत ती वर गेली, आणि खांद्याच्या उंचीला तिचा हात थांबला. तेवढंच लाकूड कोरडं होतं आणि कोमट. बराच वेळ कुणी टेकून उभं राहिल्यावर भिंत होते तसं.

तिने हात काढून घेतला. मागे पायवाटेवरची वाळू करकरली, एकदाच, उभ्या माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा तशी. ओझित वळली. पायवाट, कुंपण, थडगी, खाडी. ओहोटी होती. लाल चिखल मैलभर उघडा पडला होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं.

घरी जाऊन तिने पाचर टेबलावर ठेवली. बाहेरच्या अंगाला लाकूड नखभर दबलं होतं. ओल्या दिवसांत लाकूड फुगतं, तिने स्वतःला सांगितलं. दार दीडशे वर्षांचं आहे, बिजागऱ्या झिजल्यात, तू सहासष्ट वर्षांची आहेस आणि रात्री झोपत नाहीस. सगळं खरं होतं. तरी संध्याकाळ व्हायच्या आत ती मांद आमिरोकडे गेली.

मांद एक्क्याण्णव वर्षांची होती. ओझितची आई एकदा हिवाळाभर आजारी होती, तेव्हा बाहेर मांद बसायची. बारा रविवार. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नव्हता. ओझितने आडून आडून विचारलं, मावशी, तुम्ही इतक्या लवकर का सोडलंत?

मांद टीव्हीवर हॉकी बघत होती. तिने आवाज कमी केला नाही.

“खांदा दुखायचा गं.”

“बसून बसून खांदा कसा दुखेल?”

“मी कुठं म्हटलं बसून?” मांद म्हणाली. मग तिने ओझितला बिस्किटांचा डबा दिला आणि पुन्हा सामना बघू लागली.

५

मतदानाच्या आदल्या दिवशी आल्द्रिक ओझितच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे बोलणं मोठं होतं.

उद्या ती आत येणार ना, एवढंच त्याला पक्कं हवं होतं. ओझितने विचारलं, बाहेर कोण बसेल? एका दिवसाने काय होतंय, तो म्हणाला. आणि फारच वाटत असेल तर खाडीपलीकडची ती इंग्रज बाई आहे, उन्हाळ्यापासून घर भाड्याने घेऊन राहिलेली. चांगली आहे, हसतमुख आहे, तासभर बसेल.

“इंग्रज बाई,” ओझित म्हणाली. “आपली सगळी माणसं आत, दार बंद, आणि बाहेर पहाऱ्याला इंग्रज. अरे, मग तेव्हा काय वाईट चाललं होतं?”

आल्द्रिक हसला, तीही हसली. हसू ओसरल्यावर तो टेबलाकडे बघत म्हणाला, “तुझी आई त्या मागच्या आवारात आहे. माझाही बाप तिथंच. तुळया नेल्यावर तिथं काय करतील ठाऊक आहे? गाड्या लावायला जागा. ओझित, एक हात कमी पडतोय. फक्त एक. आणि तो तुझा आहे.”

तिच्या मनात होतं ते तिला बोलता येईना. काय बोलणार? गवत दबतंय? कारखान्यात एखादी बाई असं काही घेऊन आली असती तर ओझितनेच तिला दोन दिवस रजा घे म्हणून सांगितलं असतं. रीत म्हणजे रीतच, तिने विचार केला. घाबरलेल्या बायकांनी घाबरून घातलेली अट, तिचं भय कधीच सरलं आणि खुर्ची तेवढी राहिली. चर्चच उरलं नाही तर दार कशाचं आणि बाहेरची कशाची?

“येते,” ती म्हणाली. “येते म्हटलं ना. टोपी घाल आणि जा.”

६

रविवारी दुपारी खाडीवरून धुकं चढलं. प्रतिनिधी वेळेवर आला. फोर्तँ नावाचा, चाळिशीचा, मऊ आवाजाचा माणूस. त्याचे बूट चांगले होते आणि चिखलाबद्दल त्याने कुणाकडेच तक्रार केली नाही. ओझितला त्याचा राग करायचा होता, पण त्याने तशी सोय ठेवली नव्हती.

एकोणचाळीस माणसं बाकांवर बसली. न बोलणारे दोघे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना होते. मांदला धरून आणलं होतं. ओझित उंबऱ्यावर उभी राहिली.

“या ना बाई,” फोर्तँ म्हणाला. “दार लावलं की सुरू करू.”

तिने पाचर काढली, उंबरा ओलांडला आणि दोन पावलं आत आली. आत बसायची तिला सवय नव्हती. मेणाचा, ओल्या कोटांचा वास, आणि वर त्या तुळया. आल्द्रिकने तिच्याकडे पाहून मान हलवली. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैलावला होता.

तिच्या मागे दार लागू लागलं. तिने ते ओढलं नव्हतं.

ते आपटत नव्हतं. सावकाश येत होतं, रोजचं काम असल्यासारखं. ओझितने मान वळवली. अरुंद होत चाललेल्या फटीतून तिला पायरीपलीकडचं गवत दिसलं. धुक्यात एकही माणूस नव्हता. आणि गवत खाली बसत होतं. पात्यांचे दोन झुबके, मग हातभर पुढे दोन, मग दोन, जोडीमागून जोडी, पायरीच्या दिशेने. कुणी तरी आपापल्या जागा घेत होते.

ती धावली. खांदा मारून दार परत ढकललं आणि त्यातून कशीबशी बाहेर पडली. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. तिने पाचर फटीत कोंबली. ती धरली, करकरली आणि मधोमध फुटली. मग ओझितने फटीत स्वतःचा डावा हात घातला.

दुखणं यायला क्षणभर वेळ लागला. आलं तेव्हा तिला मांदचा खांदा समजला. ती दाराची कड उजव्या खांद्याने बाहेरच्या बाजूला रेटत उभी राहिली. तिच्या कानाशेजारी, अगदी जवळ, कुणाचाही श्वास नव्हता. तेच जास्त वाईट होतं. जोर होता, आणि श्वास नव्हता.

आल्द्रिक फटीशी आला.

“काय चालवलंयस? आत ये.”

“मला इथूनच मोजा. हात आत आहे माझा, बघ. तो वर धरते.”

आतून फोर्तँचा आवाज आला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, पण माणूस आत हवा आणि दार बंद हवं, नियम त्याने केलेला नव्हता.

“ओझित.” आल्द्रिकचा आवाज फुटला. “अगं, नुसतं आत पाऊल टाकायचंय. तुला काय पाहिजे? पाया पडू?”

“आल्द्रिक, मी हलले तर हे दार लागेल.”

“लागू दे की! लावायचंच आहे ते!”

फटीतून तिला त्याचा एक डोळा दिसत होता. तो पाण्याने भरलेला होता, आणि नंतर तो तिथून गेला.

थोड्या वेळाने आत फोर्तँ मोजू लागला, हळू आणि स्पष्ट. एकोणचाळीसला तो थांबला. त्याने वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, हे तिला नंतरही कबूल करावं लागलं असतं. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

७

माणसं उठल्याबरोबर जोर गेला. दार रेटणारे ज्यासाठी आले होते ते काम झालं, की अजून व्हायचं होतं, ते तिला कळेना. तिने दार पुरतं उघडून पाठीने धरलं आणि हात कोटात लपवला. बोटं काळीनिळी झाली होती आणि त्यातली दोन वळत नव्हती.

माणसं तिच्या अंगावरून बाहेर पडू लागली. ती मोजत होती. दुसरं काही करणं तिला शक्यच नव्हतं. पाच. नऊ. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. चौदाव्याने पाहिलं आणि तो थुंकला. दोघा भावांपैकी धाकटा म्हणाला, युनियनवाली ती, शेवटी मालकाच्याच कामाला आली. थोरला त्यावर हसला. दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तेवीस. एकतीस. मांदला दोघींनी धरलं होतं. ती ओझितसमोर थांबली, कोटात लपवलेल्या हाताकडे पाहिलं आणि पुढे गेली.

आल्द्रिक एकोणचाळिसावा. त्याने टोपी घातली.

“तुझी आई असती तर आत आली असती,” तो म्हणाला.

सगळी बाहेर होती. कुंपणापाशी, धुक्यात, मोटारींची दारं उघडत होती. जिवंत, चिडलेली, मोकळी. ओझितने पाठ दारावरून काढली, तीन पायऱ्या उतरली आणि खाली गवतात उभी राहून पहिल्यांदा हात कोटातून बाहेर काढला.

मागे दार लागलं. आवाज होईल न होईल असं. मग कडी पडली.

आधी तिला नुसतं बरं वाटलं. रिकाम्या चर्चचं दार लागलं, लागू दे.

मग आतून टकटक झाली. दोनदा, बेताने, एखाद्या कचेरीत शिरण्याआधी करतात तशी.

“बाई?” फोर्तँ म्हणाला. “माझे कागद आवरायचे राहिले होते. जरा दार उघडता का?”

कुंपणापाशी कुणीतरी ते ऐकलं आणि सगळे हसले. आल्द्रिक ओरडून म्हणाला, बसू दे साहेबाला थोडा वेळ, बंद दार त्यालाच पाहिजे होतं. दुपारपासून पहिल्यांदाच गाव हसत होतं.

ओझित हसली नाही. एकोणचाळीस झाले आणि तिने पाठ काढली होती. आपली तेवढी मोजली होती. चाळिसावा माणूस आत होता, वहीत नाव नसलेला, चांगले बूट घातलेला, आणि तो तिच्या मोजणीत आलाच नव्हता. अशा मोजण्या करणाऱ्यांविरुद्ध ती अठरा वर्षं टेबलावर चढून ओरडली होती.

“बाई, इथे...” फोर्तँचा आवाज बदलला. दाराजवळून बोलत होता, पण तोंड दाराकडे नसावं. “इथे आणखी कोणी थांबलंय का?”

ती पायऱ्या चढली. तिन्ही एका दमात. दुखरा हात छातीशी धरून तिने चांगला हात कडीकडे नेला.

कडीवर आधीच एक हात होता. भिजलेली बाही, मनगटावर घट्ट बसलेला लाल काठ, रुंद, थंडीने फुटलेली बोटं. तो जोर लावत नव्हता. नुसता धरून होता, आपली वेळ भरेपर्यंत धरून ठेवतात तसा.